टेपकाकूंच्या मापाचा ट्रॅक्टर

मी एक जुना, बुटका ट्रॅक्टर आहे. बुटका हे मी म्हणायचं, तुम्ही नाही. मित्रांनो, मला बघून "अय्या, हा खेळण्यातला आहे का?" असं विचारायचा तुमचा विचार असेल, तर आधी माझी हकीकत ऐका. मग खुशाल विचारा, जीभ रेटली तर.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. शेजारच्या रांगेत अवाढव्य ट्रॅक्टर तयार होत होते. त्यांची मागची चाकं कामगारांच्या डोक्यापेक्षा उंच असायची. मला रंग देणाऱ्या बाई मात्र माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय गोडुला आहे!" गोडुला! अहो, इंजिन, गिअर, मागे अवजार उचलणारे दोन लोखंडी हात, ट्रॅक्टर उलटलाच तर चालकाला वाचवणारी डोक्यावरची कमान, हे सगळं मोठ्यांच्या अंगावर होतं तसं माझ्याही अंगावर होतं. फक्त आटोपशीर होतं. त्या शब्दाचा मला अजून राग येतो.

माझी पहिली नोकरी एका शाळेच्या मैदानावर होती. तिथल्या माळ्याची शिस्त कडक. रोज सकाळी आधी माझं तेल बघायचं, पाणी बघायचं, हवेची जाळी झटकायची आणि मगच किल्ली फिरवायची. मी गवत कापायचो, पाण्याची टाकी ओढायचो, सामन्याच्या दिवशी मैदान सपाट करून द्यायचो. मुलं माझ्यासाठी टाळ्या वाजवायची. जिंकणाऱ्या संघासाठी वाजवायची तेवढ्याच जोरात, मी मुद्दाम ऐकलंय.

पुढे शाळेने मैदान वाढवलं आणि मोठं यंत्र आणलं. माळी निवृत्त झाला. माझी रवानगी ट्रॅक्टरविक्रेत्याच्या आवारात झाली, तीही अगदी मागच्या रांगेत, मोडक्या ट्रॉलीच्या आड. अंगावर फाटकी ताडपत्री. सीटमधला फोम चिमण्यांनी ओढून नेला. गिऱ्हाईक यायचं, पुढच्या चकचकीत ट्रॅक्टरांभोवती फिरायचं आणि चुकून माझ्याकडे नजर गेलीच तर म्हणायचं, "याला भंगारात का नाही काढत?" मला बोलता आलं असतं ना, तर एकेकाची खरडपट्टी काढली असती. पण खरं सांगतो, मनातून मी पार खचलो होतो.

एके दिवशी आवारात एक जोडपं आलं. काका आयुष्यभर शहरबस चालवून निवृत्त झालेले. काकू कपडे शिवायच्या. त्यांच्या गळ्यात मापाची टेप कायम लटकलेली, म्हणून सगळी गल्ली त्यांना टेपकाकू म्हणायची. शिवणयंत्रावरून उठून बाजारात गेल्या तरी टेप गळ्यातच.

त्यांचं घर छोटं होतं, पण मागे उताराची बरीच जागा होती. लिंबं, अंजीर, डाळिंबं, आणि खालच्या कुंपणापाशी भाजीचे वाफे. काकांचे गुडघे कुरकुरायला लागले तशी ती जागा हाताबाहेर गेली. गवत कंबरेला लागलं, खाली जायची पायवाट वाहून गेली. त्याच पायवाटेवर काका विळ्यासकट घसरले आणि त्यांचा हात मोडला. तेव्हा त्यांची मुलगी धावत आली. ती लांबच्या शहरात इस्पितळात परिचारिका होती. तिने वडिलांचा हात बघितला, मागचं रान बघितलं आणि सरळ सांगितलं, "उन्हाळा लागला की मी पुन्हा येणार. तेव्हाही हे असंच असलं तर घर विकायचं आणि तुम्ही दोघांनी माझ्याकडे यायचं. मला रोज रात्री फोन वाजला की धडकी भरते, आई." दोघं हो म्हणाली. लेकीचं चुकत नव्हतं, म्हणून तर नाही म्हणता आलं नाही. पण घर सोडायच्या नुसत्या कल्पनेने काकूंना जेवण जाईना. म्हणून काकांचा हात बरा होताच ती दोघं ट्रॅक्टर बघायला आली होती.

आणि आल्या आल्या काकांनी काय करावं? आवारातल्या सगळ्यांत मोठ्या ट्रॅक्टरवर चढून बसले!

"अगं, इथून बघ! पार चौकापर्यंत दिसतंय," ते वरून ओरडले.

"आपल्याला चौक नांगरायचाय का?" काकू खालून म्हणाल्या.

विक्रेता हात चोळत म्हणाला, "काकू, एकदाच घ्यायची वस्तू आहे. ताकद जास्त असलेली कधीही बरी."

काकू त्याच्यावर चिडल्या नाहीत. त्यांनी पिशवीतून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि आवाराच्या फरशीवर गोल काढायला सुरुवात केली. "हे लिंबाचं झाड. हे अंजीर. या दोघांमध्ये एवढं अंतर आहे. आणि इथे जमिनीखाली पाण्याची टाकी, वर फरशी टाकलेली. आता दाखवा मला, हा तुमचा पहिलवान या झाडांमधून कसा वळतो ते. आणि त्याचं वजन टाकीवरच्या फरशीला झेपेल का, तेही सांगा."

लिंबाच्या जागी बादली ठेवली, अंजिराच्या जागी खुर्ची. पहिलवान आला, वळला आणि बादली चपटी करून पुढे गेला. मधल्या आकाराचा एक होता, त्याने खुर्चीचा पाय मोडला. विक्रेत्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. तेवढ्यात काकूंचं लक्ष मोडक्या ट्रॉलीमागे गेलं.

"तो ताडपत्रीखाली कोण आहे?"

कोण आहे, म्हणाल्या! काय आहे, असं नाही! मित्रांनो, तिथेच मी त्यांचा झालो.

बॅटरी जोडली. मी दोनदा खोकलो आणि तिसऱ्यांदा असा काही सुरू झालो की वरच्या तारेवरचे पक्षी उडाले. काका नाराजीनेच माझ्यावर बसले. नव्या बादलीला वळसा घातला, खुर्चीला वळसा घातला, खडूच्या रेघेला चाक लागू दिलं नाही. काका खाली उतरले ते हसतच. "स्टिअरिंग लोण्यासारखं आहे गं," असं म्हणून त्यांनी माझ्या बोनेटवर थाप मारली. त्यांच्याबरोबर आलेल्या मेकॅनिकने खाली वाकून तेल, गळती, ब्रेक, क्लच सगळं तपासलं आणि मान डोलावली. मग काकूंनी गळ्यातली टेप काढून माझं माप घेतलं. रुंदी, उंची, मागच्या चाकांपाशी घेर. गिऱ्हाईकाचं घेतात तसंच, अगदी "श्वास रोखू नकोस" एवढंच म्हणायचं राहिलं.

"घराच्या बाजूच्या बोळातून हा आरामात जाईल," त्या म्हणाल्या. "वर चार बोटं सैलसुद्धा आहे."

आता ऐका पुढची फजिती. मला घरी आणलं तेव्हा मेकॅनिकही बरोबर होता, आणि निम्मी गल्ली बाहेर उभी होती. घर आणि शेजारची भिंत यांच्यामधल्या बोळातूनच मागे जाता येत होतं, दुसरी वाटच नव्हती. काकांनी ऐटीत मला बोळात घातलं. पुढची चाकं गेली. मधलं अंग गेलं. आणि मागची चाकं खर्रकन भिंतीला घासून घट्ट रुतली. ना पुढे, ना मागे. काका सीटवर, दोन्ही बाजूंना भिंती, उतरायलाही जागा नाही.

"टेपकाकू, तुमचं माप चुकलं?" समोरच्या गच्चीवरून कुणीतरी विचारलं.

झालं होतं असं की काकूंनी बोळाचं माप कंबरेच्या उंचीवर घेतलं होतं. आयुष्यभर माणसांची मापं घेतली, हाताला तीच सवय. पण घराचं जोतं खाली भिंतीपेक्षा चांगलं वीतभर पुढे आलेलं, आणि माझी चाकं नेमकी तिथे अडली. काकूंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तरी मी म्हणत होतो, मोठा घेऊ," काका सीटवरून म्हणाले.

"मोठा घेतला असता तर फाटकातच बसला असतात! गप्प बसा आणि मागे घ्या."

कसंबसं मला मागे ओढून रस्त्यावर आणलं. गल्ली हसत होती. विक्रेत्याचा माणूस म्हणाला, "परत नेऊ का?" मला वाटलं, संपलं. आता पुन्हा ती ट्रॉली आणि ती ताडपत्री. पण काकू रस्त्यावर चक्क मांडी घालून बसल्या आणि माझ्या मागच्या चाकाकडे टक लावून बघत राहिल्या. चाकाची तबकडी ताटासारखी एका बाजूने खोलगट असते. त्यांनी खोलगट बाजूत हात घातला, मागे घेतला, पुन्हा घातला.

"अहो मेकॅनिकभाऊ," त्या म्हणाल्या, "झगा सैल झाला की आम्ही बाजूची शिवण आत घेतो. हे चाक उलटं बसवलं तर आत जाणार नाही का?"

मेकॅनिकने कपाळावर हात मारला. "जाईल की! डावं चाक उजवीकडे टाकायचं आणि उजवं डावीकडे. दोन्हीकडून आत येतं. कुणी विचारतच नाही, म्हणून माझ्या डोक्यातच आलं नाही!"

जॅक लावले, बोल्ट काढले, चाकांची अदलाबदल झाली. पुन्हा बोळात शिरलो. या वेळी काकूंनी जोत्यापाशी गुडघे टेकून माप घेतलं होतं. मी सरळ आत गेलो, दोन्ही बाजूंना बोटबोट जागा सोडून, आणि मागच्या अंगणात बाहेर पडलो. मघाशी हसणारी सगळी गल्ली आता टाळ्या वाजवत होती. मित्रांनो, त्या शाळेच्या मैदानावर कितीही टाळ्या मिळाल्या असोत, या टाळ्यांनी माझी छाती जास्त फुगली.

मेकॅनिक निघाला तर काकांनी त्याला अडवलं. "थांब रे. उतारावर पाय फाकवून उभं राहावं लागतं. चाकं पुन्हा बाहेरच्या बाजूला कर, रुंद असू दे. हा आता इथेच राहणार आहे." बस चालवणाऱ्याला तोल काय असतो ते बरोब्बर कळतं. काकूंनी आत जाऊन सगळ्यांसाठी चहा टाकला.

मग आम्ही कामाला लागलो. आधी गवत, मग काटेरी झुडपं, मग दगड. काका पट्टा बांधल्याशिवाय किल्लीला हात लावायचे नाहीत. उतारावर आडवं कधीच जायचे नाहीत, सरळ वर आणि सरळ खाली. काकूंनी माझ्या सीटला पडद्याच्या उरलेल्या कापडाचं कव्हर शिवलं. फुलाफुलांचं. मी तक्रार केली नाही. झाडांना मोकळा वारा मिळाला, वाफे पुन्हा दिसायला लागले. राहिली होती फक्त ती वाहून गेलेली पायवाट, जिथे काका पडले होते. तिच्यासाठी आणलेली खडी वरच्या अंगणात येऊन पडली होती, अर्धीच पसरून झाली होती.

आणि लेक कळवल्यापेक्षा आधीच आली.

ती बोळातून मागे आली, तेव्हा काका माझ्यावर बसून नेमके त्याच उतारावर होते. माझ्या पुढे जोडलेल्या बकेटमध्ये, म्हणजे लोखंडी सुपात, खडी होती.

"बाबा! उतरा खाली! आत्ताच्या आत्ता उतरा! आई, तू यांना चढूच कसं दिलंस?"

"ओरडू नकोस, त्यांचं लक्ष जाईल," काकू म्हणाल्या. पण टेप त्यांनी मुठीत गच्च आवळली होती.

काकांनी मान वळवली नाही. उतरायचं म्हटलं असतं तर घर हातचं गेलं असतं, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. बकेट जमिनीलगत, गिअर पहिला, पाय क्लचवरून बाजूला. मी इंजिनाच्या जोरावर स्वतःला आवरत एकेक हात खाली सरकलो. कुठे घसरलो नाही की हललो नाही. खडी टाकली, मागे जोडलेल्या फळीने ओढून सारखी केली, वर आलो, पुन्हा भरली, पुन्हा उतरलो. शेवटची खेप टाकून झाली तेव्हा पायवाट वरच्या अंगणापासून खालच्या कुंपणापर्यंत सलग झाली होती. काकांनी मला सपाटीवर आणलं, ब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि मगच पट्टा सोडला.

लेक त्या पायवाटेने चालत निघाली. पाय दाबून दाबून बघत खालपर्यंत गेली, भाजीच्या वाफ्यांपाशी थांबली, तशीच चालत वर आली. एकदाही तिचा पाय सरकला नाही. मग तिने फोन काढला आणि आपल्या नवऱ्याला लावला.

"ऐक. आई-बाबांसाठी रिकामी केलेली खोली आहे ना? तुझं टेबल तिथेच मांड. ते येत नाहीयेत." मग पलीकडचं ऐकून म्हणाली, "नाही रे, रडत नाहीये. मजेत आहेत ते. माझ्यापेक्षा मजेत आहेत."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. काका उगीचच माझं तेल बघायला लागले, इंजिन गरम असताना तेल बघत नाहीत हे पक्कं माहीत असून! आणि मी? मी जिंकलो होतो मित्रांनो! मी, टेपकाकू आणि काका, आम्ही तिघं जिंकलो होतो.

जरा वेळाने लेकीने माझ्या फुलाफुलांच्या सीटवर हात फिरवला. "मी चालवून बघू?"

"आधी पट्टा!" काका आणि काकू एकदमच ओरडले.

तर मित्रांनो, घरात यंत्र आणायचं असेल तर शेजाऱ्याचे डोळे दिपतील असं बघू नका. आपलं फाटक, आपली झाडं, आपला उतार आणि आपले गुडघे बघा. आणलंत की त्याला सांभाळा. रोज त्याचं तेलपाणी बघा, सांध्यांना वंगण द्या, पावसात उघडं टाकू नका. आणि मागच्या रांगेत ताडपत्रीखाली कुणी दिसलं, तर एकदा वाकून विचारा, कोण आहे म्हणून.

आता मला सोडा. लेकीने किल्ली फिरवली आहे, काका "सावकाश, सावकाश" म्हणत माझ्या बाजूने पळताहेत, आणि धडकी भरायची पाळी आता त्यांची आहे.