मोडतोडीचा दिवस

लुगांग गावात लग्न असो, दुकान उघडायचं असो की नुसता पलंग हलवायचा असो, लोक दिवस विचारायला शी वानछिंग गुरुजींकडे येत. त्यांच्या पंचांगात रोजच्या पानावर दोन रांगा, वर 'योग्य' आणि खाली 'वर्ज्य'. 'पलंग मांडणे' म्हणजे नवरानवरीचा, पाहुण्यासाठी टाकलेली खाट नव्हे. 'आप्तेष्टांस भेटणे' लिहिलंय म्हणून सासूकडे गेलंच पाहिजे असं नाही, हे गुरुजी गिऱ्हाइकांना न कंटाळता समजावत. दुसऱ्यांचे मुहूर्त काढता काढता त्यांचे केस पांढरे झाले. स्वतःचा मात्र निघेना.

शेजारच्या गाळ्यात ल्येनबाई कालवं घातलेली शेवयांची पेज विकायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, जीभ तिखट. अकरा वर्षं रोज सकाळी एक वाटी गुरुजींकडे पोचती व्हायची. गुरुजींना त्या हव्या होत्या, पेजेसकट आणि पेजेशिवायही. पण विचारायला मुहूर्त नको? त्यांच्या पंचांगात वर्षांना प्राण्यांची नावं. 'मागणी घालणे योग्य' असा दिवस सापडला की तो नेमका सशाच्या वर्षात जन्मलेल्यांना बाधक निघे, आणि ल्येनबाई सशाच्या. ससा सुटला तर कोंबडा अडे, आणि कोंबड्याच्या वर्षातले खुद्द गुरुजी. मग सातवा महिना लागे, भुताखेतांचा. त्यात कोण मागणी घालतं? नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

यंदा ल्येनबाईंच्या मुलाने ताइचुंग शहरातून निरोप धाडला, की गाळा बंद कर आणि कायमची इकडे ये, रविवारी टेम्पो आणतो. गुरुजींनी घाईघाईने पानं उलटली. रविवारपर्यंत एकही दिवस धड नव्हता. शुक्रवार तर मोडतोडीचा. असल्या दिवशी ते गिऱ्हाईकसुद्धा घेत नसत.

त्याच शुक्रवारी ल्येनबाई एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात घण घेऊन आल्या.

"गुरुजी, आजचं पान वाचा."

आज वाचण्यासारखं काही नाही, असं गुरुजी पुटपुटले.

"वाचा म्हणते ना. अकरा वर्षं फुकट पेज खाल्लीत."

गुरुजींनी चष्मा लावला. "योग्य, जुनं घर पाडणे, भिंत फोडणे. बाकी कशालाही हात लावू नये."

"झालं तर मग." त्यांनी घण उघड्या पंचांगावर ठेवला. "आपल्या दोघांच्या मधे एक भिंत आहे. गाळे दोन्ही तुमचेच, परवानगी कुणाची नको."

"अहो, पण रविवारी मुलाला काय सांगाल?"

"सांगीन, माझं दुकान कुठे संपतं आणि यांचं कुठे सुरू होतं तेच कळेना. टेम्पोत भरू काय?"

गुरुजींचे कान लाल झाले. सवयीने त्यांनी खालची 'वर्ज्य'ची रांग पाहिली, आणि तिथे काही अडू नये असं त्यांना जन्मात पहिल्यांदाच मनापासून वाटलं. काहीच अडत नव्हतं. ते उठले आणि त्यांनी बाह्या वर सारल्या.

"आधी पेज खाऊन घ्या, गार होतेय," ल्येनबाई म्हणाल्या.

"नंतर," गुरुजी घण उचलत म्हणाले. "आज बाकी कशालाही हात लावायचा नाहीये."