फाट्यावर थांबलेली सायकल

सत्यशीलाबाईंनी सायकलचं हँडल धरलं आणि घंटी वाजवली. हॉटेलात बाकावर बसलेल्या डोमाजींनी मान वर केली नाही. बशीतल्या चहावर त्यांनी सावकाश फुंकर घातली.

"घरी चाला जी," बाईंनी बाहेरूनच हाक मारली. "का इथंच बिऱ्हाड मांडता?"

बेबीताई शेगडीपुढून उठून दारात आली. फाट्यावरचं हे हॉटेल तिचं, आणि बाईंना फोनही तिनंच केला होता.

"मावशी, लय निघू निघू करत होते. म्या गप्पात गुतवून ठेवलं."

"बरं केलं. साखर कमी टाकली ना?"

"तुमच्या भेवानं टाकतच नाही बाप्पा."

डोमाजी राळेगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी बांधायचे, तेव्हापासूनची ही वाट. सकाळी सायकल काढायची. फाट्यावर एक चहा, कॅनॉलच्या पुलाजवळ एक, आणि राळेगावात शिरताना एक. काम सुटून किती वर्षं झाली. मागच्या पावसाळ्यापासून त्यांच्या डोक्यातलं एकेक निसटत चाललं होतं. जेवलो की नाही, हे गेलं. नातवाचं नाव गेलं. पण सायकल गेली नाही, आणि चहाचे थांबेही गेले नाहीत. तेव्हा बाई स्वतः पायी फिरून तिन्ही हॉटेलवाल्यांना बजावून आल्या होत्या, "आमचे मालक आले का बसवून ठेवजा. चहा हळूहळू द्या अन् मले फोन लावा. हयगय केली तर येऊन शेगडीत पाणी ओतीन." हॉटेलवाले हसले होते. फोन मात्र सगळेच करत.

काल पुलाजवळ कापसाचा ट्रक इतका जवळून गेला की डोमाजी सायकलसकट नालीत पडले. कोपर सोलपटलं. त्याच संध्याकाळी रवीनं, त्यांच्या मुलानं, सायकलला लावायला साखळी आणि कुलूप आणलं. बाई त्याच्याशी भांडल्या नाहीत. उद्याचा एक दिवस जाऊ दे, एवढंच म्हणाल्या. आज सकाळी डोमाजी अंगणात बसून फडक्यानं चाकाची एकेक तार पुसत होते, तेव्हा त्या उगीचच सुनेवर ओरडल्या होत्या.

"आयकू येते का?" त्यांनी पुन्हा घंटी वाजवली. "का आता कानबी गेले?"

डोमाजी उठले. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं त्यांनी बाकाची मोकळी जागा पुसली आणि दारापर्यंत येऊन उभे राहिले.

"बसा ना बाई. उन्हात काहून उभ्या राह्यल्या?"

बाईंनी मागं वळून पाहिलं. मागं नुसता रस्ता होता. बाभळीच्या काट्यांना गाड्यांवरून उडालेला कापूस लटकलेला.

तोंडात उत्तर तयार होतं. जन्मात कधी त्यांना ते शोधावं लागलं नव्हतं. त्यांनी डोमाजींच्या डोळ्यांत पाहिलं. तिथं ओळख नव्हती. बेबीताई हातातल्या गाळणीकडे बघत राहिली.

"बसा," डोमाजी पुन्हा म्हणाले. "बेबीताई, बाईले चहा दे. चांगला कडक."

बाईंनी सायकल स्टँडवर लावली. लग्न झाल्यापासून त्या या दाराशी कितीदा उभ्या राहिल्या होत्या. बाजाराला जाताना त्या मागं कॅरेजवर असत. डोमाजी चहाला आत जात आणि त्या सायकल धरून, पिशवी सांभाळत बाहेर थांबत. तेव्हा बाईमाणूस हॉटेलात बसत नसे. आता बेबीताईच्या बाकावर कॉलेजच्या पोरी मांडीला मांडी लावून बसत, पण बाईंचा पाय काही उंबऱ्याच्या आत गेला नव्हता. आज गेला. बाकाच्या अगदी कडेला त्या टेकल्या आणि पदर मांडीवर गोळा करून घेतला.

"कुठं चालल्या?" डोमाजींनी विचारलं.

"गावात. विहाराजवळ."

"अरे, मीबी तिकडंच राह्यतो. कोणाकडं?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "डोमाजीकडं. जिनिंगात होते ते."

डोमाजींनी कपाळाला आठ्या घातल्या. बराच वेळ ते आठवत राहिले.

"नाव आयकल्यासारखं वाटते," ते म्हणाले. "चांगला माणूस असन."

"हाय बरा."

बेबीताईनं चहाचा कप समोर ठेवला आणि झटकन पाठ फिरवली. शेगडीवर काही नव्हतं, तरी ती तिथंच चाळवाचाळव करत राहिली.

"तुमच्या घरी कोण कोण हाय जी?" बाईंनी विचारलं.

"बायको हाय ना. सत्यशीला." नाव असं चटकन आलं, जसं खिशातून काढून दाखवावं. "तोंडाची तिखट हाय. पण घर तिनंच धरलं."

"तिले आणत नाही का कधी इथं?"

"तिले नाही आवडत हॉटेलचा चहा."

"इचारलं होतं?"

"इचाराचं काय त्यात? तीच म्हणे, कप धुतलेलं पाणी पेता तुमी." ते हसले. "म्या एकदा म्हटलं, कोणी नाही आत, ये. तं म्हणे, मले काय भीक लागली का? मंग पुन्हा नाही म्हटलं. तिच्या मनाइरुद्ध कायले?"

बाईंनी कप उचलला. बशी तशीच राहू दिली. चहा गोड होता. बेबीताईनं त्यांच्या चहात साखर टाकली होती. घोटाघोटानं, कुठं न थांबता, त्यांनी तो तळापर्यंत प्यायला. मग पदरानं तोंड पुसलं. तोंड पुसून झालं तरी पदर थोडा वेळ तिथंच होता.

"कसा हाय?" डोमाजींनी विचारलं.

"चांगला हाय," बाई म्हणाल्या. "लय चांगला हाय."

डोमाजींना बरं वाटलं. ते उठले. "चाला, सोडतो तुमाले गावापर्यंत. या रस्त्यानं ट्रक लय चालतात. बाईमाणसानं एकटं नाही जावं."

दोघं निघाले. डोमाजी सायकल हातात धरून रस्त्याच्या बाजूनं चालत होते आणि बाईंना त्यांनी आतल्या, शेताकडच्या बाजूला ठेवलं होतं. मागून गाडीचा आवाज आला की ते थांबत, हात आडवा धरत, गाडी गेली की "चाला" म्हणत. वाटेत त्यांनी कोणत्या वावरात तूर चांगली आहे ते दाखवलं. बाई हूं हूं करत राहिल्या. रोज या वाटेनं त्या त्यांना झाडत घरी नेत.

घरापाशी आले तेव्हा दिवस कलला होता. रवी ओट्यावर बसलेला, शेजारी साखळी.

"आलं का तुमचं घर?" डोमाजींनी विचारलं.

"हाव."

"मंग निघतो मी. जय भीम."

"जय भीम. बसा ना घडीभर."

"नाही बाई." त्यांनी सायकल वळवली. "घरी बायको वाट पाहून राह्यली असन. उशीर झाला का घर डोक्यावर घेते."

रवी साखळी घेऊन खाली उतरला. "बाबा, काय करून राह्यले? हेच तं आपलं—"

बाईंनी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला थांबवलं.

"कोणीकडं हाय जी तुमचं घर?" त्यांनी डोमाजींना विचारलं.

डोमाजींनी हात वर केला. तो गल्लीच्या तोंडाकडे गेला, तिथून विहाराकडे, आणि मग हवेतच थांबला.

"हाय इकडंच कुठंतरी," ते म्हणाले.

बाईंनी पदर कमरेला खोचला. "चाला. मीबी येते."

"आई, आता कुठं?"

"यांच्या बायकोले भेटाले," बाई म्हणाल्या. "अन् ते कुलूप आत नेऊन ठेव. साखळी धरून उभा नको राहू दारात."

डोमाजी चालू लागले होते. बाईंनी त्यांना गाठलं आणि मागून कॅरेजवर हात ठेवला. सायकल जड लागली तसे ते थांबले, वळून त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, आणि काही न विचारता पुन्हा चालू लागले.