रखमाजीची दाढ

परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, रखमाजीच्या दाढेला भलताच मान होता. ज्वारी असो की तूर, ढिगातला एक दाणा उचलायचा, डाव्या अंगाच्या खालच्या दाढेत धरायचा आणि दाबायचा. कट् करून तुटला तर माल वाळलेला, चेपला तर ओला. मग तोंडातून ‘बराबर’ किंवा ‘न्हाई’, एवढा एकच शब्द. त्या शब्दावर त्याचे मालक काकासाहेब आडते गाडी उतरवून घ्यायचे नाहीतर परत पाठवायचे. शेतकरी कुरकुर करायचे, पण रखमाजी खोटं बोलला असं कुणी म्हणत नसे. रखमाजीला याचा गर्व होता, आणि तो लपवायची त्याला कधी गरजही वाटली नाही.

त्याच दाढेनं चौऱ्याण्णव साली ऐन सुगीत दगा दिला. गरम चहा सोसेना, गार पाणी सोसेना, उशीवर गाल टेकवायची सोय राहिली नाही. लवंग धरून झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी बायकोनं, दुर्गाबाईनं, त्याला जवळजवळ ओढतच नव्या दवाखान्यात नेलं. तिथं उमा सेलूकर नावाची तरुण डॉक्टरीण नुकतीच आली होती. गावात दातांचा वेगळा दवाखाना हेच लोकांना नवल, त्यात डॉक्टर बाई.

उमानं एक्स-रे काढला आणि खिडकीच्या उजेडाला धरून त्याला दाखवला.

“दाढ चांगली आहे, काका. आतली नस तेवढी सडलीय. ती काढून मुळं आतून साफ केली आणि भरली, की दाढ टिकेल. पण हे मूळ बघा, टोकाला वाकडं आहे. हे माझ्या हातचं नाही. औरंगाबादला डॉक्टर पाटोदकर आहेत, ते फक्त असली रूट कॅनालचीच कामं करतात. त्यांच्याकडे जा, मी फोन करते.”

“तुमी डॉक्टर हाव ना? मंग तुमीच करा की.”

“करायला गेले आणि आत सुई मोडली, तर दाढ हातची जाईल.”

“मंग उपटून टाका. माल येऊन राह्यला तिकडं, मला जल्दी हाय.”

“वाचणारी दाढ मी काढणार नाही,” उमा म्हणाली. आवाज मऊ होता, पण ती हलली नाही.

रखमाजी बाहेर आला तो मनाशी हिशेब जुळवतच. मोंढ्यात एक दुकानदार गिऱ्हाइकाला दुसऱ्या दुकानी धाडतो ते काही फुकट नाही. रुमालाखाली बोटं दाबली जातात, वर नुसती हसरी तोंडं दिसतात आणि खाली दलाली ठरते. त्याची हयात हे बघण्यात गेली होती. हे काम मला जमणार नाही असं एखादं माणूस सरळ सांगतं, ते खरंच जमणार नसतं म्हणून, हे काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. मोंढ्यात तसं कुणी सांगतच नसे.

दाढ त्यानं आठवडी बाजारात दात उपटणाऱ्याकडून काढून घेतली. गाल टम्म सुजला, ताप चढला. बरा होऊन मोंढ्यात आला तेव्हा काकासाहेबांनी विचारलं, “दवाखान्यात गेल्ता ना रे? मंग हे काय करून घेतलं?”

“गेल्तो. बाईची औरंगाबादला दलाली हाय. गिऱ्हाईक धाडते तिकडं.”

दाण्याचा निकाल द्यावा तशाच आवाजात तो हे बोलला. भोवती हमाल होते, गाडीवान होते, खेड्याखेड्यातून आलेले शेतकरी होते. ज्याच्या एका शब्दावर माल परत जायचा, त्याचा हाही शब्द लोकांनी बिनतक्रार उचलला आणि आपापल्या गावी नेला. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उमाच्या दवाखान्यातला बाक रिकामा पडला, आणि एक दिवस दाराला कुलूप लागलं. रखमाजीला कुणीतरी तसं सांगितलंही. तो नुसता हं म्हणाला.

त्याचंही पुढं बरं झालं नाही. उजव्या अंगानं चावून त्याला दाण्याचा अंदाज येईना. दोनदा ओली तूर वाळलेली म्हणून घेतली गेली, तेव्हा काकासाहेबांनी ओल मोजायचं यंत्र आणलं आणि रखमाजीला पोती मोजायला बसवलं. त्याला ते फार लागलं. पण दोष त्यानं बाजारातल्या दात उपटणाऱ्याला दिला.

बऱ्याच वर्षांनी दुर्गाबाईची दाढ दुखायला लागली. आता परतुरात दुसरा डॉक्टर होता, आणि त्यानंही पाटोदकरांचंच नाव सांगितलं. या खेपेला दुर्गाबाईनं नवऱ्याला विचारलंच नाही. “तुमची तुमी घालवली. मला माझी ठिवायची हाय,” म्हणाली आणि त्याला घेऊन सकाळच्या गाडीत बसली.

पाटोदकर डोळ्यांवर भिंगं चढवून, केसासारख्या बारीक सुया फिरवत कितीतरी वेळ एकाच दाढेवर वाकलेले होते. काम संपल्यावर रखमाजीला राहवलं नाही.

“साहेब, पेशंट धाडणाऱ्याला यातलं काय पडतं?”

“काही नाही,” पाटोदकर हात पुसत म्हणाले. “अवघड दाढ आपल्या हातची नाही हे ज्याला कळतं, तो पाठवतो. तेच कळणं कठीण असतं, बाबा. तुमच्या परतूरला उमा सेलूकर होती, माझी विद्यार्थिनी. तिला ते कळायचं. मोंढ्यातल्या कुणा काकांसाठी तिनं दोनदा फोन केला होता. त्यांची दाढ गेली तर त्यांचं कामच जाईल म्हणाली. सकाळची पहिली वेळ राखून ठेवली होती मी. काका काही आले नाहीत.”

रखमाजीला तिथं बसवेना. उमा कुठं असते एवढं त्यानं विचारून घेतलं, आणि परतताना दुर्गाबाईला घेऊन जालन्याला उतरला.

जुन्या जालन्यात उमाच्या सासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं. ती गल्ल्यावर बसली होती. तिनं त्याला लगेच ओळखलं, दुर्गाबाईला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. इकडंतिकडंचं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

“बाई, तुमी दलाली खाता असं मोंढ्यात म्या सांगितलं व्हतं. त्यानंच लोक यायचे बंद झाले. माझं बिलकुल चुकलं.”

उमानं गल्ल्याचा खण आत लोटला.

“मी समजत होते, माझ्याच हाताला लोक भितात,” ती म्हणाली. “मामंजींनी इथं दवाखान्याला जागासुद्धा बघून दिली होती. मीच नको म्हटलं. वाटलं, आपल्याला हे जमतच नाही.” मग नुकतंच कळल्यासारखं ती स्वतःशीच बोलली, “म्हणजे मी उगाच सोडलं.”

बोलून टाकलं की जिवाला हलकं वाटेल, अशा आशेनं रखमाजी इथवर आला होता. सोडलेल्या दवाखान्याचं जे दुःख ती विसरून बसली होती तेच त्यानं पुन्हा तिच्यापुढं आणून ठेवलं होतं, आणि आता ते परत घेणं काही त्याच्या हातात नव्हतं.