मेल्यानंतरची भरती

मायमुनाच्या घरी फाईकच्या सातव्या दिवसाची दुआ होती, आणि तिनं न सांगताच बिर्याणीची पातेली दारात येऊन पडली होती. केप टाउनच्या आमच्या वस्तीत फुकटची पातेली टोळीकडूनच येतात. आपण सगळे ती जेवतो, बोटं चाटतो आणि वर म्हणतो, "पोरं वाईट, पण मयताला मागे राहत नाहीत हो!"

फाईक मायमुनाचा एकुलता मुलगा, मिनीबस टॅक्सीवर कंडक्टर. भर दुपारी कोपऱ्यावर कंदील टोळीच्या चेसलिननं त्याला गोळी घातली. मायमुना समोरच कपडे वाळत घालत होती. तिनं चेसलिनचं तोंड पाहिलं. पोलिसांना मात्र म्हणाली, काही दिसलं नाही. आमच्याकडे तसंच म्हणतात.

पातेल्यांमागोमाग घुबड टोळीचा म्होरक्या सेडिक आला, अगदी नव्या जावयासारखा नम्र.

"मायमुना आंटी, तुम्ही फक्त 'हो' म्हणा. चेसलिनला शुक्रवार दिसणार नाही."

"शुक्रवारपर्यंत कशाला जगू देतोस?" मायमुना म्हणाली. "आणि त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत मारा. तिलाही कळू दे!"

"ही खरी आई! बाहेर भिंतीवर त्याचं चित्र रंगवून झालंय बघा. आपला फाईक घुबडच होता."

शेजारची म्हातारी गलीमा आंटी कोपऱ्यातून खेकसली, "कधीपासून रे? मानेवर घुबड गोंदवून घे म्हणून तुझी पोरं मागे लागायची, तेव्हा त्यानं हाकलून दिली. जिवंत मिळाला नाही, म्हणून मेल्यावर भरती करतोस?"

"आंटी, नियमच आहे. परक्यासाठी आम्ही गोळी झाडत नाही. सूड हवा तर पोरगा आमचा म्हणावा लागेल."

"मला नियम सांगतोस? गोऱ्यांच्या सरकारनं शहरातली आमची घरं पाडून आम्हाला या वाळूत आणून टाकलं, तेव्हा इथे एक दिवा नव्हता. कामावरून परतणाऱ्या बायका वाटेत लुटल्या जायच्या. माझ्या भावानं रात्री जागणारी पोरं जमवली, ती घुबडं. पलीकडच्यांनी कंदील धरले. एकाच वाटेची राखण दोघं करायचे! मग राखणीचे पैसे मागू लागले, मग वाट कुणाची यावरून सुरे निघाले. भाऊ मेला तेव्हा माझी आईही 'हो' म्हणाली होती, मायमुना. त्या 'हो'चं देणं अजून फिटतंय."

"तुमची आई तुमच्यापाशी!" मायमुना कडाडली. "मला चेसलिन मेलेला हवाय!"

ती तरातरा भिंतीपाशी गेली. चेहरा हुबेहूब फाईकचा. पण ज्या मानेवर त्यानं कधी शाईचा ठिपका येऊ दिला नाही, तिथे हे मोठं घुबड! बघायला जमलेल्या बायकांपैकी एक दुसरीला म्हणाली, "त्यांच्यातलाच होता म्हणायचा. मग मेला त्यात नवल काय?"

मायमुनाला उमगलं. चेसलिननं मुलगा नेला होता. हे तर मुलाचं नाव न्यायला आले होते! आणि न्या म्हणून तीच सांगत होती!

"पुसा ते!"

"पुसलं तर चेसलिन सुटेल, आंटी," सेडिक म्हणाला.

"सोडतंय कोण त्याला? मी जिवंत आहे अजून!"

आणि ती तडक पोलीस ठाण्यात गेली. "मला दिसलं होतं," म्हणाली. त्या आठवड्यात तिच्या खिडक्या फुटल्या. तिनं पुठ्ठे लावले आणि जबाब बदलला नाही. कोर्टात तिनं चेसलिनवर अशी नजर रोखली, की शेवटी त्यानंच मान खाली घातली.

त्याच्या वकिलानं कुत्सितपणे विचारलं, "तुमचा मुलगा कुठल्या टोळीचा?"

"कुठल्याच नाही. असता तर टोळीची पोरं बंदूक घेऊन गेली असती. नव्हता, म्हणून त्याची आई इथे आलीय!"

चेसलिनला जन्मठेप झाली. मायमुनाचं समाधान झालं का? नाही. तिला तो मेलेलाच हवा होता, ती आजही तसं तोंडावर सांगते. पण फाईकच्या नावावर नवं प्रेत पडलं नाही, आणि वस्तीत त्याला आता सगळे कंडक्टर म्हणूनच आठवतात.

बंधुभगिनींनो, बंदूक टोळीची असते; तिला लागणारं मौन आपण घरोघरून पुरवतो. सुडाची आग पोटात असेल तर असू द्या, पण ती सेडिकच्या हाती देऊ नका. जे पाहिलं ते दिवसाढवळ्या, स्वतःच्या तोंडानं सांगा!