चूक मल्हारीच्या नावावर

खुटबावच्या दूध डेअरीत दूध सकाळी येतं आणि संध्याकाळी येतं. मधल्या वेळेत तिथं फक्त वास असतो. त्या वासात गेल्या पावसाळ्यापासून इंग्रजीचा वर्ग भरू लागला. दहावी हुकलेली मोठी माणसं सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षेला बसणार होती. त्यांचे बाकीचे विषय ओढूनताणून निघाले असते, पण इंग्रजी आडवं येत होतं. शिकवायला सविता होती. शिरूरची लेक, बी.ए., बी.एड., आणि डेअरीचे चेअरमन पोपटराव ऊर्फ आप्पा यांची थोरली सून.

इथवर सगळं छान होतं. अडचण अशी की वर्गात बसायला पोपटराव स्वतःही होते.

याचं कारण गेल्या जूनमध्ये घडलं. गावच्या शाळेत दहावीच्या मुलांचा सत्कार दरवर्षी पोपटरावांच्या हस्ते होतो. "इंग्रजीला घाबरू नका," हे त्यांचं दरवर्षीचं भाषण. त्या वर्षी पहिल्या आलेल्या मुलीनं आभार मानताना अगदी साध्या मनानं सांगितलं, की आप्पांना स्वतःला इंग्रजीत किती मार्क होते, हे ऐकायला सर्वांना आवडेल. पोपटरावांना त्याच क्षणी फोन आला. फोन वाजल्याचं कोणी ऐकलं नाही, पण ते बोलत बोलत स्टेजवरून उतरले ते थेट घरी. पुढच्या आठवड्यात त्यांनी फॉर्म भरला.

सविताला दौंडच्या एका शाळेनं बोलावलं होतं. पोपटरावांनी तो विषय दोन वर्षं आज-उद्या करत ठेवला होता. नवरा पृथ्वीराज चाकणला कंपनीत. तो शनिवारी यायचा, जेवायचा, आणि घरात वाद निघाला की चार्जर शोधायला आत जायचा. फॉर्म भरला त्या रात्री जेवताना पोपटराव ताटाकडे बघत म्हणाले, "सविताला म्हणावं, मला इंग्रजीत पास कर, मग खुशाल दौंडला जा. शब्द हाय."

"म्हणावं" हे त्यांनी बायकोला सांगितलं. सविता समोरच वाढत होती. त्या घरात सासरा आणि सून थेट बोलत नसत. भांडण नव्हतं, रीत होती. सासूबाई साखरबाई मध्ये उभ्या राहून इकडचं तिकडं पोचवायच्या.

वर्गाचा पहिला दिवस. बाकी मंडळी सतरंजीवर. पोपटरावांनी घरून खुर्ची आणवली आणि सवयीनं फळ्याशेजारी, वर्गाकडे तोंड करून मांडली. चेअरमनकीच्या पंधरा वर्षांत ते कुठल्याही कार्यक्रमात दुसऱ्या बाजूला बसलेच नव्हते. आता फळा त्यांच्या पाठीमागे आला. सविता लिहायची, वर्ग उतरवून घ्यायचा, आणि पोपटराव वर्गाकडे बघून समाधानानं मान हलवायचे. सासऱ्याला "खुर्ची फिरवा" कोण सांगणार? तिसऱ्या दिवशी सवितानं फळाच उचलून समोरच्या भिंतीला लावला आणि सगळ्यांना उलटं बसवलं. पोपटराव तसेच राहिले. फक्त ते आता शेवटच्या रांगेत होते, आणि हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

खरी पंचाईत चुकांची. सुनेनं सासऱ्याला भर वर्गात "चुकलं" म्हणायचं कसं? जीभच वळत नव्हती. म्हणून तिनं वाट काढली. पोपटराव चुकले की ती त्यांच्या शेजारच्या मल्हारीला बोलायची.

मल्हारी कुरकुंभच्या कंपनीत हेल्पर. त्याच्या आजोबांच्या मागं मेंढरं होती, बापाच्या मागं शेती, आणि याच्या मागं सुपरवायझर. ऑपरेटर व्हायचं तर दहावी पाहिजे, म्हणून शिफ्ट संपली की तो डबा घेऊन तसाच वर्गात यायचा.

रजेच्या अर्जाचा दिवस होता. मुख्याध्यापकांना इंग्रजीत अर्ज लिहायचा. पोपटरावांनी आयुष्यात नोटिसा काढल्या होत्या, अर्ज केला नव्हता. त्यांनी लिहिलं, "यू आर इन्फॉर्म्ड. आय विल नॉट कम. मेक अरेंजमेंट."

सवितानं वहीवरून नजर फिरवली आणि शेजारी वळली. "मल्हारी, अर्जात विनंती करायची असते. हुकूम सोडायचा नसतो. साहेब काय आपले गडी आहेत का?"

मल्हारीनं आपल्या वहीत पाहिलं. "म्याडम, मी तर प्लीज तीनदा लिवलंय."

"तरी लक्षात ठेवा."

"ठिवतो."

पोपटराव मल्हारीकडे वळले. "आरं, नम्र राहावं माणसानं. कवा कळायचं तुला?"

असं दिवाळीपर्यंत चाललं. मल्हारी स्वतःच्या चुका सुधारायचा आणि वर पोपटरावांच्याही. एका फीमध्ये दोन शिकवण्या झाल्या, आणि फी तर नव्हतीच. पोपटरावांना मात्र एकदाही कोणी चूक म्हटलं नाही. त्यामुळे आपलं इंग्रजी मुळातच चांगलं होतं, त्या काळचे तपासनीस खवचट होते, असं त्यांचं मत बनत गेलं. घरी ते बायकोला म्हणाले, "तो मल्हारी लई मागं हाय. बिचारी सविता दमती."

सराव परीक्षा झाली. मल्हारीला ऐंशीपैकी एक्कावन्न. पोपटरावांना नऊ.

सवितानं पेपर साखरबाईंच्या हातात दिला, साखरबाईंनी पोपटरावांच्या. पोपटरावांनी तो उलटसुलट पाहिला. "नऊ न्हाई, नव्वद आसंल. शून्य राहिलं वाटतं तिचं."

"ऐंशीत नव्वद?" साखरबाई म्हणाल्या.

"मग आदलाबदल झाली आसंल. मल्हारीचा पेपर हाय ह्यो."

सविता चुलीपाशी जाऊन बसली. दौंडच्या शाळेनं नव्या वर्षासाठी पुन्हा विचारलं होतं. मुख्याध्यापक भले होते, पण शाळा कोणाचा सासरा पास होण्याची वाट बघत बसत नाही. मार्चमध्ये पेपर. सासरे पास झाले नाहीत तर ही खेपही गेली, आणि पुढच्या वर्षी शाळेनं विचारायचंही कारण उरलं नसतं.

साखरबाई तिच्याशेजारी टेकल्या. "काय चुकतंय त्यांचं?"

"सगळंच, आत्या. पण मी कसं सांगू?"

"मला सांग. मी सांगते." साखरबाईंच्या चेहऱ्यावर असं तेज आलं, की सविताला थोडी भीतीच वाटली. "लगीन झाल्यापासनं वाट बघतीय मी."

दुसऱ्या दिवसापासून साखरबाई शेंगांची पाटी घेऊन वर्गात हजर. सविता हळू आवाजात सांगायची, साखरबाई मोठ्यांदा पोचवायच्या. "अहो, चुकलं. परत लिव्हा."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला न्हाई कळत. तिला कळतंय. तुमचं चुकलं एवढं मला कळतंय."

मल्हारीला सुट्टी मिळाली. पहिले काही दिवस त्याला चुकल्याचुकल्यासारखं झालं. "म्याडम, आज मला काय बोलायचं न्हाई का?" असं तो जाताना विचारायचा.

पोपटरावांची वही लाल होत गेली आणि गाडी खरंच सरकली. पण साखरबाईंना आता गोडी लागली. सवितानं तोंड उघडायच्या आधीच त्यांचा निकाल यायला लागला. पोपटरावांनी घसा खाकरला तरी, "चूक."

फेब्रुवारीतली गोष्ट. कार्यक्रमाला पाहुणे बोलावण्याचं पत्र लिहायचं होतं. हा विषय पोपटरावांचा घरचा. त्यांनी उभं राहून वाचायला सुरुवात केली. "वुई रिक्वेस्ट यू टू कम."

"चूक," साखरबाई शेंग फोडत म्हणाल्या.

"आगं, तिनं तोंड तरी उघाडलं का?"

"उघाडणारच व्हती."

सतरंजीवर हशा झाला. मल्हारीनं वही तोंडावर धरली. पोपटराव लाल झाले. डेअरीच्या चेअरमननं रिक्वेस्ट हा शब्द लिहायला आख्खा हिवाळा घेतला होता, आणि तोच शब्द शेंगांच्या टरफलात चालला होता. ते वळले आणि सून घरात आल्यापासून पहिल्यांदा तिच्याकडे बघून बोलले.

"सविता, तूच सांग. बरोबर का चूक?"

सवितानं सासूकडे पाहिलं. सासूबाई आयुष्यात पहिल्यांदा शेंगेत गुंतल्या होत्या.

"बरोबर आहे, मामा."

पोपटरावांनी बायकोकडे असं पाहिलं, की डेअरीच्या निवडणुकीत विरोधकाचं डिपॉझिट गेलं तेव्हा त्याच्याकडेही तसं पाहिलं नसेल. आता माणसानं जिंकल्यावर खाली बसावं. पण जिंकण्याची हाव वाईट. ते पुढचं वाक्य वाचायला लागले. "इफ यू डू नॉट कम, वुई विल सी यू." आणि ऐटीत म्हणाले, "आन् हे?"

मल्हारी आपण होऊन पुढं सरकला, बोलणी खायच्या तयारीनं. सवितानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"हे चूक आहे, मामा. पाहुण्यांना धमकी देता येत नाही."

कोणी हसलं नाही. पोपटरावांनी वाक्य परत एकदा मनात वाचलं. मग खुर्चीवर बसले, खिशातला पेन काढला आणि म्हणाले, "मग काय लिव्हू?"

त्या दिवसापासून मध्यस्थी संपली. साखरबाई शेंगा संपल्या म्हणून दोन दिवस रुसून घरी राहिल्या, मग मेथी घेऊन परत आल्या. पोपटराव मात्र प्रत्येक वाक्यानंतर थेट विचारायचे, "बरोबर का चूक?" आणि सविता सांगायची. "चूक" हा शब्द सुरुवातीला तिच्या घशात अडकायचा, मग ओठांवर, आणि परीक्षेपर्यंत तो "चहा घेता का" इतका सहज यायला लागला.

निकाल लागला. मल्हारीला इंग्रजीत शंभरपैकी त्र्याहत्तर, पोपटरावांना एक्केचाळीस. मल्हारी पेढे घेऊन घरी आला आणि म्हणाला, "आप्पा, तुमच्या चुका दिवाळीपतुर माझ्या नावावर व्हत्या. ह्यातले निम्मे मार्क तुमचेच हायती."

"माझ्या शेजारी बसला म्हणून निघालास," पोपटराव म्हणाले आणि दोन पेढे घेतले.

मल्हारी गेला. सविता चहा घेऊन आली आणि कप ठेवून उभी राहिली. पोपटरावांना ती का उभी आहे ते ठाऊक होतं. म्हणून ते आधीच बोलू लागले.

"काय हाय सविता, एवढी चांगली मास्तरीण गावाबाहीर घालवायची म्हंजी गावाचं नुकसान. मल्हारीला बारावी करायचीय. मीबी बसीन म्हणतो. डेअरीत पंखा लावून देतो, नवा फळा आणतो. दौंडचं काय, शाळा कुठं पळून चाललीय? पुढच्या वर्षी सावकाश ठरवू."

भाषण छान झालं होतं. स्टेजवर असते तर टाळ्या पडल्या असत्या. साखरबाई भाकरी थापता थापता थांबल्या.

"मामा," सविता म्हणाली, "हे चूक आहे."

"मी काय बोलले न्हाई हां," साखरबाई आतून म्हणाल्या.

पोपटरावांनी कप उचलला आणि परत ठेवला. वर्गातली सवय अंगात मुरली होती, त्यामुळे रागवायच्या आधी त्यांच्या तोंडून भलतंच गेलं.

"कुठं चुकलं?"

"शब्द दिला होता तुम्ही. तुम्ही इंग्रजीत पास झालात की मी दौंडला जायचं. तुम्ही झालात."

त्यांनी चहाचा घोट घेतला. थंड झाला होता, तरी घेतला. बाहेर डेअरीत संध्याकाळचं दूध यायला लागलं होतं. कॅन आपटल्याचे आवाज येत होते आणि कोणीतरी चेअरमनसाहेबांना हाक मारत होतं. ते उठले, चपला घातल्या, आणि दारात थांबून पाठमोरेच म्हणाले,

"सकाळची दौंडची गाडी किती वाजता आसती गं? स्टेशनपतुर सोडायला मी येतो. पृथ्वीराजला विचारत बसू नगंस, त्यो चार्जर शोधंल."