पाणकावळ्याची बदली

सत्यजितची सोलर बोट भर समुद्रात बंद पडली आणि तय्यबने ती आपल्या डिझेलच्या बोटीने ओढत आणली. पण असं काही घडलेलं नाही. दोन्ही बेटांच्या संयुक्त समितीने बैठक घेऊन तसं ठरवलंय. तेव्हा आपणही गुमान सुरुवातीपासून बघू.

अमिरातीच्या उत्तर किनाऱ्यापुढे शेजारी शेजारी दोन बेटं. मोठ्यावर डिझेलची टाकी, धाकट्यावर तिवरांची रोपवाटिका. मोठं धाकट्याच्या जनरेटरला डिझेल देतं, धाकटं मोठ्याच्या खचत्या किनाऱ्याला रोपं देतं. डिझेल नेतो रत्नागिरीच्या राजिवड्याचा तय्यब. रोपं आणतो पुण्याचा सत्यजित. रोपं उतरली की टाळ्या, फोटो. डिझेल उतरलं की लोक नाकाला रुमाल लावतात आणि त्याच डिझेलवर चालणाऱ्या एसीत जाऊन बसतात.

त्याचंही तय्यबला काही नव्हतं. त्याच्या बोटीच्या टपावर एक पाणकावळा बसायचा, पंख पसरून, मालकासारखा. कित्येक वर्षं. तय्यब त्याला शेठ म्हणायचा आणि बायकोला न सांगितलेलं सगळं त्याला सांगायचा. मग सोलर बोट आली. थंडीतल्या सकाळी तिची पॅनलं छान कोमट होत. शेठ तिकडे जाऊन बसला तो बसलाच.

"तय्यबभाई, तुमचा पक्षी हल्ली माझ्याकडे असतो," सत्यजित म्हणाला. तो हे हसून म्हणाला, तेच वाईट.

"असू दे. वय झालंय त्याचं, माणसं ओळखत नाही."

पण पोटात दुखायचं ते दुखलंच. तय्यबने ताजी सुरमई आणून शेठला चारायला सुरुवात केली. शहरात अल नहदा भागातल्या फ्लॅटमध्ये त्याच्या बायकोने, शहनाझने, डोक्याला हात लावला.

"पन्नास दिरहमची सुरमई कावळ्याला? बाराशे रुपये होतात! मला कधी आणलीत?"

"तू कुठे उडून गेलीस?" तय्यब म्हणाला.

शेठ सुरमई तय्यबच्या बोटीवर खायचा आणि पचवायला सोलर बोटीवर जायचा. पचनाचं जे व्हायचं ते पॅनलवर व्हायचं. असं बरेच दिवस चाललं, आणि एका सकाळी फोन आला.

"तय्यबभाई, बॅटरी खलास. पॅनल सगळं पांढरं झालंय."

"शेठ आहे का तिथे?"

"कोण शेठ?"

"पक्षी, हबीबी, पक्षी!"

"आहे ना. वरच बसलाय."

"यल्ला, आलो."

दोर बांधला, बोट ओढायला घेतली. सत्यजित आभार मानत होता. तय्यबचं लक्ष मागे. आता तरी येईल. त्याने वेग कमी केला, टप फडक्याने पुसला, हाताने जागाही दाखवली. शेठ मागच्या बोटीवर वरातीतल्या नवरदेवासारखा बसून राहिला. एकदा त्याने मान वळवली, ती दुसरीकडे.

जेट्टीवर रोपांसाठी टाळ्या झाल्या. समितीच्या लतिका मॅडमनी तय्यबला बाजूला घेतलं.

"हिरव्या बोटीला डिझेलने ओढलं, हे रिपोर्टमध्ये कसं दिसेल? त्यापेक्षा ती बंद पडलीच नाही. चालेल ना?"

"चालेल, मॅडम. माझं नाव नको, फोटो नको. फक्त एक अर्ज घ्या."

"प्रति, संयुक्त समिती. विषय : पाणकावळा, नग एक, यांची बदली. न घडलेल्या घटनेत अर्जदाराने न केलेली मदत लक्षात घेता, सदर पक्ष्यास सोलर बोटीवरून तात्काळ कार्यमुक्त करून डिझेल बोटीवर रुजू होण्याचा लेखी आदेश द्यावा, ही नम्र विनंती. आदेश मराठीत काढावा. पक्ष्यास दुसरी भाषा येत नाही."