एल्पिदियाच्या घरातलं इंग्रजी

नायेली बोलायला लागली तेव्हाच एल्पिदियाने घरात स्पॅनिश बंद केलं. पोरीचं इंग्रजी पक्कं झालं पाहिजे, आपल्यासारखं जन्मभर चेरी तोडत फिरायला नको, एवढाच तिचा हिशेब. आता एल्पिदियाचं स्वतःचं इंग्रजी म्हणजे 'ये, जेव, झोप'. तेवढ्यावर मायलेकींचा संसार चालला होता. शेजारणी म्हणत, "हिच्या घरात मयत झाल्यासारखी शांतता." पण नावं कुणी कुणाला ठेवायची? अमेरिकेतल्या त्या मजूरवस्तीत निम्म्या घरांनी हाच शहाणपणा केला होता.

दर रविवारी मेक्सिकोहून एल्पिदियाच्या आईचा फोन यायचा. नायेली फोन कानाला लावायची, हसायची आणि परत द्यायची.

"एल्पी, पोरगी मुकी आहे का गं?" म्हातारी विचारायची.

"लाजते, आई."

खोटं बोलताना एल्पिदियाची जीभ जड व्हायची.

उन्हाळ्यात म्हातारीने अंथरूण धरलं. कागदपत्रं नसल्याने भेटायला गेलं तर सीमा ओलांडून परत येता येणार नाही, हे एल्पिदियाला पक्कं ठाऊक होतं. निदान नातीचे चार शब्द तरी आईच्या कानावर पडावेत, एवढंच तिला हवं होतं. म्हणून ती नायेलीच्या शाळेतल्या संध्याकाळच्या वर्गाला गेली. तिथे आईबापांनी मुलांना शेजारी घेऊन बसायचं आणि स्पॅनिश पुस्तक मिळून वाचायचं.

"पण शाळेत इंग्रजी लागतं ना, बाई?" तिने विचारलं.

"ते शाळा शिकवेल. तुमची भाषा तुमच्याशिवाय कोण शिकवणार?" वर्ग घेणाऱ्या ग्रासिएलाबाई म्हणाल्या.

एल्पिदियाला रागच आला. हे आधी सांगायला कुणाच्या तोंडाला कुलूप लागलं होतं?

ती स्वतः दुसरीपर्यंतच शिकलेली. अक्षरावर बोट ठेवत मायलेकी एका कोंबडीची गोष्ट वाचू लागल्या. नायेली अडली की अर्थ विचारायची, आणि एल्पिदिया तो हातवारे करून सांगता सांगता आपल्या गावच्या कोंबड्यांवर आणि तिथून आईवर घसरायची. पोरगी झोपताना "अजून सांग" म्हणायला लागली. शरदात बागांतली सफरचंदं उतरेपर्यंत ती अख्खं पुस्तक न अडखळता वाचत होती, आणि आईशी भांडायलाही शिकली होती.

मग एका रविवारी फोन चाबेलाने, एल्पिदियाच्या बहिणीने केला. "आई डोळे उघडत नाही. पण ऐकू येतं तिला. फोन तिच्या कानाशी धरलाय."

नायेलीने पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत गोष्ट वाचली. पलीकडून नुसती धाप ऐकू येत होती. मग म्हातारी काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणतेय?" एल्पिदियाने विचारलं.

चाबेला म्हणाली, "विचारतेय, ही कुणाची पोर? गोड वाचते म्हणाली."

एल्पिदिया मनात म्हणाली, आईने या पोरीचा बोलताना आवाज कधी ऐकलाच नव्हता, मग ओळखणार तरी कसा? ही पाळी आपणच आणली.

नायेलीने आईकडे पाहिलं आणि फोन आपल्या तोंडाजवळ ओढला.

"मी एल्पीची, आजी," ती म्हणाली.